लिफ्टच्या दारावरचा हात

“हा हात कुणाचा?” फोरमनने विचारलं, आणि आम्ही सगळ्यांनी आपापले हात खिशात घातले.

लिफ्टचं दार टेबलावर आडवं पडलं होतं. अकरा महिन्यांपूर्वी आम्हीच निळं रंगवून दिलेलं. आता मधोमध रंग सुटून आला होता, तोही पाच बोटांसकट, तळव्यासकट, आतून कुणीतरी हात टेकवल्यासारखा.

स्टेनलेस स्टील ही माजोरडी जात. रंग अंगाला लावूनच घेत नाही. आधी थिनरने पुसायचं, मग घासून गुर्मी उतरवायची, पुन्हा पुसायचं, आणि प्रायमर बसेपर्यंत उघडं बोट लावायचं नाही. बोटाचं तेल राहिलं की आज ना उद्या रंग तिथूनच उठतो. हे काम ज्याच्याकडे होतं त्याला सगळे पुसणीस म्हणत. त्याने पुसलेल्या पत्र्यावर माशी बसली की घसरून पडायची. दोन माश्यांच्या कमरा मोडलेल्या मी स्वतः पाहिल्यात. एकतीस वर्षांत त्याचं एकही काम परत आलं नव्हतं, आणि महिन्याभरात तो निवृत्त होणार होता.

“पुसणीस चुकणार नाही,” फोरमन म्हणाला आणि माझ्याकडे वळला. “रंगारी, काढ हात. ठेव त्याच्यावर.”

माझ्या नावावर आधीच दोन चुका होत्या. तिसरीला घरी बसायचं. त्यातून माझे हात लहानसर. ठेवला. बोटं जराशी बाहेर आली, पण फोरमनला तेवढं जुळलेलं पुरे होतं.

“सामान आवर,” तो म्हणाला.

“माझा आहे तो,” पुसणीस म्हणाला. मघापासून तो दारावर वाकून बघत होता.

“तुझा? तुझा हात म्हणजे फावडं. हा त्याच्या निम्माही नाही.”

“थंडीचे दिवस होते, साहेब. आकसला असेल.”

एकजण हसला आणि मध्येच थांबला.

“शेवटच्या महिन्यात नावाला बट्टा लावून घेतोयस,” फोरमन म्हणाला. “निरोपाच्या भाषणात काय सांगू मी?”

“एक काम परत आलं होतं, असं सांगा.”

फोरमनने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. “संध्याकाळपर्यंत दार तयार पाहिजे,” म्हणाला आणि गेला.

हात कुणाचा ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. अकरा महिन्यांपूर्वी हे दार तयार करत होतो त्या दिवशी वहिनी, म्हणजे पुसणीसची बायको, त्याचा विसरलेला डबा घेऊन आल्या होत्या. घासून पुसलेला पत्रा मंद दिसतो, साय धरल्यासारखा. “हे स्टील आहे होय? मखमल वाटतेय,” असं म्हणत त्या पुढे झाल्या, तोच हा सगळ्यांदेखत ओरडला, “हात लावू नकोस.”

“नाही हो लावला. घरच्या भांड्यांना तरी कुठे लावू देता?” आम्ही खो-खो हसलो. त्या हसल्या नाहीत. डबा ठेवून गेल्या. पुढे अठरा दिवसांनी एका सकाळी त्या उठल्याच नाहीत.

पुसणीसने दारावरचा उरलेला रंग खरवडला आणि घासायला घेतलं, चारी कडांनी आत आत येत. शेवटी मध्ये तेवढा हात उरला. घासणी थांबली.

“वहिनींचा ना?” मी विचारलं.

“दोनदा विचारलं होतं तिला. इथे एकदा, घरी एकदा. तोंडावर नाही म्हणाली.” त्याने हातमोजा मनगटावर ओढून घेतला. “दोन दिवस बोललो नाही मी तिच्याशी. काही नसताना उगाच ओरडलो म्हणून लाज वाटत होती.”

आणि त्याने तेवढंही घासून काढलं.

मग पुसून, दार उभं करून त्याने वरून पाणी सोडलं. कुठे तेल राहिलं असेल तर पाणी तिथे फाटतं, थेंब धरतं. पत्रा स्वच्छ असेल तर सबंध पदर सरळ खाली उतरतो. तसाच उतरला. मी रंगाच्या गनमध्ये प्रायमर भरायला घेतला.

“थांब,” तो म्हणाला.

त्याने पुन्हा पाणी सोडलं, बरोबर मधोमध, आणि नाक टेकेल इतकं वाकून पाहिलं. मग तिसऱ्यांदा सोडलं.

पाणी कुठेच अडलं नाही.

“घे, रंगव,” तो म्हणाला.