नळाची चावी

नर्सने पांघरुणं एकेक करून सोलून काढली. आधी रजई, मग चादर, मग लोकरीचं झबलं. आतून दीड वर्षाचं पोर निघालं, तापाने लालबुंद आणि भाजल्या विटेसारखं कोरडं.

"एवढं गुंडाळलं कुणी याला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी," आजोबा म्हणाले. "घाम आला की ताप उतरतो. आमची आईसुद्धा असंच..."

"याला घाम येणार नाही, आजोबा."

आजोबांना वाक्य नीट ऐकू आलं, पण कळलं नाही. चाळीस वर्षं त्यांनी बेकरीची भट्टी सांभाळली होती. घाम न येणारा माणूस त्यांच्या लेखी एकाच प्रकारचा असे, कामाला हात न लावणारा.

नर्स ओल्या फडक्याने पोराचं अंग पुसू लागली. त्याची आई, म्हणजे आजोबांची लेक, त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून उभी होती. डॉक्टरीणबाईंनी बोट घालून हिरड्या चाचपल्या. तोंडात दोनच दात, तेही सुळ्यांसारखे टोकदार. जावळ विरळ, भुवया असून नसल्यासारख्या.

"दात, केस आणि घामाच्या ग्रंथी पोटात असताना एकाच थरातून घडतात," त्या म्हणाल्या. "याचा तो थरच अपुरा राहिलाय. अंग तापलं की उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही. हे बहुतेक वेळा आईकडून मुलाला येतं. तुमच्या माहेरी होतं का कुणी असं?"

लेकीने वडिलांकडे पाहिलं नाही. तिने पाहिलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

"माझा धाकटा भाऊ. सहाच दात होते त्याला, सगळे बोळक्या म्हणायचे. सहा वर्षांपूर्वी उन्हाळ्यात गेला, भट्टीवर काम करताना. बावीस वर्षांचा होता."

"आणि तोपर्यंत निभावलं कसं त्याने?"

"सारखा बाहेर पळायचा, सावलीत. शेवटी शेवटी अंगातली बंडी भिजवायला लागला होता. मागच्या नळाखाली."

"शहाणा होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुणी सांगितलं नव्हतं तरी त्याला कळलं. यालाही तेच करायचं. सुती बंडी भिजवायची, पिळायची नाही, तशीच घालायची. सुकली की पुन्हा. तोच याचा घाम, असं समजा."

डोक्यावर पंखा गरगरत होता, तरी आजोबांना दरदरून घाम फुटला.

बेकरीत एक रीत होती. काम संपलं की सगळ्यांनी मागच्या अंगणात उभं राहून आपापली बंडी पिळायची. कुणाची किती गळते यावर थट्टामस्करी चालायची. आजोबांची सगळ्यांत जास्त गळे, आणि मालक असण्यापेक्षा त्यांना त्याचाच अभिमान जास्त होता. धाकट्याची बंडी मात्र कोरडी ठणठणीत. तोही ट्रे उचलायचा, लांब दांड्याच्या फळीने पाव आत सारायचा, पण मध्येच भट्टी सोडून बाहेर जाऊन उभा राहायचा. बापाला एवढा पुरावा पुरे होता.

"अंगचोर!" ते म्हणायचे. "अंग चोरतोय ते चोरतोय, घामसुद्धा चोरतोय."

कामगार हसायचे. धाकटाही हसायचा, दात दिसू नयेत म्हणून ओठ मिटून.

त्या शेवटच्या उन्हाळ्यात त्याची बंडी अचानक ओली दिसू लागली. आजोबांना इतका आनंद झाला की त्यांनी आल्यागेल्या गिऱ्हाइकाला सांगितलं, पोरगा सुधारला. एकदा तर सगळ्यांसमोर त्याच्या ओल्या पाठीवर थाप मारली. चौथ्या दिवशी दुपारी ते अंगणात गेले, तर पोरगा नळाखाली वाकलेला.

"सगळी सोंगं आणता येतात," ते ओरडले, "घामाचं सोंग आणता येत नाही!"

"बाबा, अंगाची आग होते हो," धाकटा म्हणाला.

"भट्टीसमोर आग नाही होणार तर काय गारवा लागणार? चल आत."

तो आत गेल्यावर त्यांनी नळाची चावी काढून खिशात टाकली. पोराला जरा वळण लागेल, एवढंच त्यांच्या मनात होतं. चार वाजता धाकटा मैद्याच्या पोत्यांवर आडवा झालेला दिसला. झोपला असेल म्हणून आजोबांनी त्याला पायाने ढोसलं. मग आरडाओरडा झाला. लेक बादली घेऊन नळाकडे धावली, तर नळाला चावीच नव्हती.

ऊन बाधलं, असं त्यांनी लोकांना सांगितलं. चावी हरवली, असंही सांगितलं. नवी बसवू म्हणाले, पण बसवली नाही. तेव्हापासून तो नळ पकडीने उघडायचा. पक्कड सुतळीने पाइपाला बांधलेली असे.

दवाखान्यातून परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाचा ताप उतरला. पोर भिंतीला धरून उभं राहिलं आणि दोन दात दाखवून हसलं. ऊन चढू लागलं तशी लेक त्याची बंडी घेऊन बेकरीमागच्या अंगणात आली. आजोबा नळापाशी आधीच येऊन उभे होते. तिने पक्कड हातात घेतली.

"थांब जरा," ते म्हणाले.

त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून चावी काढली. सहा वर्षं कापडाला घासून तिचं पितळ गुळगुळीत झालं होतं.

लेक चावीकडे बघत राहिली.

"कुठे सापडली?"

"हरवली नव्हती."

आत पोराने काहीतरी खाली पाडलं. लेकीने पक्कड हळूच सोडली, ती सुतळीला लोंबत राहिली. चावी घ्यायला मात्र तिने हात पुढे केला नाही.

"लावा तुम्हीच," ती म्हणाली.

त्यांनी चावी बसवली आणि फिरवली. मग पाणी आलं. लेकीने दिलेली ती वीतभर बंडी त्यांनी धारेखाली धरली. ती चिंब झाली, तशी चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या दोन्ही मुठी वळल्या.

"पिळू नका, बाबा," लेक म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "तशीच द्या."