शनीच्या पहारेकरणीचं माप

धानोऱ्यात पितांबर टेलर्सच्या दारावर पत्र्याची एक पाटी होती: 'येथे शिवलेल्या कपड्याची तक्रार येत नाही.' चाळीस वर्षांत पाटीचा रंग तीनदा बदलला, मजकूर बदलायची वेळ आली नाही. गावात नळाच्या तक्रारी झाल्या, रस्त्याच्या झाल्या, एकदा ग्रामसभेत पावसाविरुद्धही ठराव झाला. पितांबरच्या शिलाईविरुद्ध कुणी तोंड उघडलं नाही.

यंदा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की दुकान बंद करायचं ठरलं होतं. घराचीच पुढची खोली ती, मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एकाने मागितली होती. पितांबरला वाईट वाटत असणार, पण तो तसं दाखवत नसे. पाटी बेदाग उतरवायची आणि मधल्या खोलीत देवांच्या वर लावायची, एवढीच त्याची निवृत्तीची योजना होती. मी त्या दुकानाच्या बाकावर पेपर वाचायला जातो. पेपर माझ्या घरीही येतो, पण तिथे कात्रीचा आवाज नसतो.

आखाजीच्या आधीच्या सोमवारी गावातल्या हिंमतरावांची मुलगी ममता आली. सुरतेला एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढते, सुट्टीवर घरी आलेली. बगलेत काळ्या फोमची गुंडाळी होती, व्यायामशाळेत जमिनीवर टाकतात तसल्या फोमची.

"नाना, माले चिलखत बनाडनं शे," ती म्हणाली.

पितांबरने चष्म्यावरून पाहिलं. "कोनासंगे लढाई शे?"

"लढाई नही, सोंगास्नी स्पर्धा शे. रविवारले, सुरतले. इकत लेयेल पोशाख चालत नही, बनाडीसन घालना पडस. मी शनीना कड्यावरली पहारेकरीन शे."

"कड्यावरथीन पडी गयी तं?"

"तठे पडता येत नही, नाना. वजनच ऱ्हात नही."

"मंग चिलखत कसाले?"

ममताने मोबाइलवर काढलेलं चित्र दाखवलं. छातीपाठीचं कवच, खांद्यांवर वाट्या, कमरेला पट्टे, गुडघ्यांवर झाकणं. चित्र तिचं स्वतःचं होतं आणि चांगलं होतं. इंटरनेटवरून कागदी फर्मा उतरवून तिने एकदा स्वतःच कवच केलं होतं, पण तो फर्मा कुठल्यातरी सहाफुटी परदेशी गड्याचा निघाला. त्यात ममता मावून एक भाडेकरूही ठेवता आला असता.

"तं तुम्ही माप ल्या," असं म्हणून ती हात पसरून उभी राहिली.

पितांबर दोन पावलं मागे सरला. चाळीस वर्षांत त्याने बाईमाणसाच्या अंगाला टेप लावला नव्हता. आमच्याकडे ती रीतच नाही. बाई दुकानात येते, पिशवीतून मापाचं पोलकं काढून ठेवते, शिंपी ते पोलकं मोजतो, बाईकडे बघतही नाही. पोलकं आणि बाई यांच्यात काही फरक असलाच, तर तो त्या दोघींचा आपसातला मामला.

"मापले जुनं चिलखत शे का घरमा?" पितांबरने गंभीरपणे विचारलं.

"आमनाकडे हाई पहिलंच शे, नाना."

पितांबरने जरा विचार केला आणि कपाटातून मापांची वही काढली. "तुन्ही चुलत बहीनना लगीनमा तुन्हं पोलकं शिवं व्हतं मी. हाई देख. छाती, कंबर, खांदा, समदं शे."

काम सुरू झालं. माझ्या पाहण्यात पितांबर इतका खूश कधी नव्हता. फोमची जाडी त्याने कोटाच्या अस्तरासारखी हिशेबात धरली. खडूने रेषा आखल्या. ममता कटरने कापायची, तो कडा तासायचा. फोम गरम करून दाबला की दाबलेला आकार धरून ठेवतो, हे ममताने सांगितलं. तिच्याकडे त्यासाठी गरम हवेचं यंत्र होतं, ते सुरतेला राहिलं होतं. पितांबरने कोळशाची इस्त्री पेटवली, ओलं फडकं टाकून फोम शेकला आणि आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारली.

"आयकं का, घागर दे."

त्याच्या बायकोने, प्रमिलाबाईंनी, पितळी घागर आणून दिली. तिच्या पोटावर छातीचा फोम वळला. मग कढई मागवली, तिच्यावर खांदे वळले. मग गुडघ्यांसाठी दोन वाट्या गेल्या. प्रमिलाबाई दारातून म्हणाल्या, "आते सैपाक शनीवर करू का?"

जोड लावायला चपला चिकटवतात ते सोल्यूशन आणलं. वासाने माझं डोकं जड झालं तरी मी बाक सोडला नाही. बुधवारी संध्याकाळी फाटकाचा चंदेरी रंग मारून चिलखत वाळत टाकलं, तेव्हा येणारेजाणारे थांबून बघत होते. एकाने विचारलं, शनीचं आहे तर तेल वाहायचं का. पितांबर म्हणाला, रंग वाळू दे.

गुरुवारी दुपारी ममता आतल्या खोलीत जाऊन चिलखत घालून आली आणि दुकानाच्या मध्यावर उभी राहिली. खरंच पहारेकरीण दिसत होती. क्षणभर मला वाटलं, आपल्याला कुठून आलात असं विचारेल.

ती म्हणाली, "नाना, दम लेता येत नही."

"नवं शे. सैल पडी."

"हात वर जात नही. देखा." हात खांद्यापर्यंत जाऊन थांबला. "छातीमा दोन इंच तरी कमी शे."

रस्त्यावरचे दोघे तिघे पुढे सरकले. मी पेपर वर धरला आणि त्याच्या कडेवरून बघत राहिलो. त्या खोलीत असं वाक्य कुणी मोठ्याने बोललं नव्हतं.

"वहीमा देखीसन बनाडं शे," पितांबर म्हणाला. "वही बरोबर शे."

"वही बरोबर व्हई, नाना. पन मी वहीमा ऱ्हात नही ना."

"ते पोलकं तुले बसं का नही?"

"मस्त बसं. आजबी घालस."

"जाय. लई ये."

ममता चिलखत उतरवून घरी गेली आणि मोरपंखी पोलकं घेऊन आली. पितांबरने ते पाटावर पसरलं, टेप लावला आणि वही उघडली. पोलकं वहीपेक्षा दोन इंच मोठं होतं. त्याने पुन्हा मोजलं. मग पोलकं उलटं केलं आणि खिडकीपाशी नेऊन बगलेची शिवण उजेडात धरली.

पितांबर प्रत्येक कपड्यात दोन्ही बाजूंनी इंच इंच कापड आत राखून ठेवायचा. चांगल्या शिंप्याची ती खूण. त्या राखलेल्या कापडात आता सुईच्या छिद्रांची एक जुनी, रिकामी ओळ होती. तिथे कधीकाळी त्याच्या मशीनची शिवण होती. तिच्या बाहेर नवी शिवण होती, हाताची. टाके बारीक, जवळजवळ, किंचित डावीकडे कललेले. तसे टाके त्याने हजारदा पाहिले असणार. रोज पांघरायच्या गोधडीवर तेच होते.

प्रमिलाबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या.

"हाऊ टाका कोना शे?" पितांबरने विचारलं.

त्यांनी कपबशी खाली ठेवली. "मन्हा शे."

"कधीपाइन?"

"दुकान सुरू व्हयनं, त्याच सालपाइन."

"समद्यास्ना पोलकास्ना?"

"समद्यास्ना नही. ज्या बाया मांगला दारनी उन्यात, त्यास्ना."

"किती उन्यात?"

"गावमा बाया किती शेत?"

दुपारी दोन ते चार पितांबर झोपतो. हे गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं, आणि ते का ठाऊक असावं हे मला त्या दिवशी कळलं. पाटी खोटी नव्हती. तक्रार खरंच येत नव्हती. पोलकी येत होती, ती मागच्या दाराने.

"माले काबरं नही सांगं?"

"तुम्ही पाटी लाई टाकेल व्हती." मग प्रमिलाबाईंना बहुधा ते फार कडू वाटलं, कारण त्या लगेच म्हणाल्या, "तुमनी कात्री कधी चुकनी नही. बाया नमुनाले जुनं पोलकं देतस. दोन पोरं व्हयेल बाई लगीनना येळनं पोलकं धाडस. तुम्ही नमुनाप्रमाने शिवतस. तुमनं माप बरोबर, पन बाई बदलेल ऱ्हास. तुमले तोंडवर कोन सांगी, आते मी जाडी व्हयनू म्हनीसन?"

"हाईबी उसवी देती मंग, मांगला दारनी," पितांबर म्हणाला. आवाज नेहमीचाच होता, पण कात्री त्याने उलटी धरली होती.

"कसं उसवू? फोमले आत राखेल कापडच नही."

पितांबरने दुकानाची फळी ओढली. त्या संध्याकाळी बाक बाहेर होता आणि दुकान बंद होतं. मी थोडा वेळ बसलो. कात्रीचा आवाज नसल्याने पेपरात काही राम वाटला नाही.

शुक्रवारी सकाळी मी गेलो तेव्हा दुकान उघडं होतं. ममता आली होती आणि पितांबर तिच्याकडे न बघता टेप बोटाभोवती गुंडाळत होता. उलगडायचा, पुन्हा गुंडाळायचा. प्रमिलाबाई दारात आल्या तसा त्याने तो पुढे केला.

"ले."

"माले काय करनं?"

"तिनं माप ले. आंगवरनं."

प्रमिलाबाईंनी टेप गळ्यात टाकला. चाळीस वर्षं त्या घरात असूनही तो त्यांच्या गळ्यात मी प्रथमच पाहिला. त्या ममताला मधल्या खोलीत घेऊन गेल्या आणि पडदा ओढला. आतून आकडे येऊ लागले. पितांबर वहीत नवं पान उघडून लिहीत होता, शाळकरी पोरासारखा मान खाली घालून.

"उभी ऱ्हा. श्वास भर. आजून भर. हां, लिखा." मग, "आते खाले बठ. बठीसन मोजू." आणि मग, "भाकर थाप."

"काकी, शनीवर भाकरी थापत नहीत."

"थाप तं खरी. थापतांना बाईनं समदं आंग हालस. त्यामा बसनं म्हंजे कोठेबी बसी."

आकडा आला. उभ्या मापापेक्षा तो चांगला अडीच इंच जास्त होता. पितांबरने लिहायच्या आधी एकदा पडद्याकडे बघितलं. चाळीस वर्षं आपण फक्त उभ्या, श्वास न घेणाऱ्या पोलक्यांची मापं घेतली, असं काहीसं त्याच्या मनात आलं असावं. मी विचारलं नाही. बाकावर बसणाऱ्याने काही गोष्टी बाकावरूनच बघाव्यात.

शुक्रवार आणि शनिवार मिळून नवराबायकोने चिलखत दोन्ही बगलांत उभं चिरलं. चिरेत इलॅस्टिकचे रुंद पट्टे बसवले, ताणले तर ताणणारे, सोडले तर आवळणारे. पट्ट्यांवर ममताने आडव्या जाळ्या चिकटवल्या आणि सांगितलं की या प्राणवायूच्या आहेत. खरंच त्यातून वारा येत होता. खांद्यांच्या वाट्या दोरीवर लोंबत्या ठेवायची कल्पना प्रमिलाबाईंची. पितांबर म्हणाला, असं करत नाहीत. मग त्याने ते केलं.

शेवटी त्याने खणातून आपलं कापडी लेबल काढलं, 'पितांबर टेलर्स, धानोरा', आणि छातीच्या कवचाच्या आत चिकटवलं. प्रमिलाबाईंनी वाकून पाहिलं.

"वाकडं लागनं," त्या म्हणाल्या.

त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. ममता होती, मी होतो, दारात दूध घेऊन जाणारा एक जण होता. पितांबरने लेबलाकडे पाहिलं. मग नखाने त्याची कड उचलली, ते सावकाश सोलून काढलं, फडक्याने जुनं सोल्यूशन पुसलं आणि पुन्हा लावलं.

"आते?"

"आते बरं शे."

रविवारी ममताने सुरतेहून फोटो पाठवला. बक्षीस दुसऱ्याच कुणाला गेलं होतं, दोन मीटर पंख असलेल्या कुणाला. पण फोटोत मागे भिंतीला टेकून दहाबारा योद्धे उभे होते, कारण त्यांच्यापैकी कुणालाच बसता येत नव्हतं. पुढे खुर्चीत शनीची पहारेकरीण मांडी घालून आरामात खमण खात होती. पितांबरने तो फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. चेहरा नव्हे, बगल पाहत होता.

आखाजी झाली. पाटी उतरली. ती देवांच्या वर गेली नाही. प्रमिलाबाईंनी अंगणात तिच्यावर पापड वाळत घातले, अक्षरं खाली करून, कारण रंगाची बाजू वर ठेवली तर पापडांना वास लागतो. मोबाइलवाल्याला पितांबरने दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं.

परवा दुपारी अडीचला मी त्याच्या मागच्या गल्लीतून येत होतो. पितांबर झोपला नव्हता, मागच्या ओट्यावर बसून शेंगा सोलत होता. छबूबाई पदराखाली पिशवी धरून आली, त्याला बघून जागीच थबकली आणि म्हणाली, "नाना, वाटीभर साखर मिळी का?"

पितांबरने पिशवीकडे पाहिलं. पिशवीतून हिरव्या पोलक्याची बाही बाहेर आली होती.

"पुढला दारनी ये, छबू," तो म्हणाला. "टेप तिनाकडे शे."