दार लावून विचारायचं

आमचे विभागप्रमुख नाबर सरांनी कागद माझ्यासमोर सरकवला आणि पेनाचं टोपणही स्वतःच काढून दिलं.

"सही कर, मनवा. सोमवारी एथिक्स कमिटी आहे."

कागदावर लिहिलं होतं की लालबागच्या चाळीतल्या प्रत्येकाला मी पुन्हा विचारलं आणि प्रत्येकाने होकार दिला. मी अजून कुणालाच विचारलं नव्हतं.

ते रक्त गेल्या वर्षी मीच गोळा केलं होतं. गिरणीत आयुष्य गेलेल्यांची आणि त्यांच्या मुलांची फुप्फुसं कशी आहेत, एवढंच पाहायचं होतं. आता एका औषध कंपनीला त्याच नमुन्यांतली जनुकं वाचायची होती. नव्या कामाला नवी संमती लागते. हा नियम मी दर वर्षी एम.एस्सी.च्या वर्गाला शिकवते.

"चाळीच्या मंडळाचं पत्र जोडलंय की," सर म्हणाले. "सेक्रेटरीची सही, शिक्का. अख्ख्या चाळीचा होकार."

"मंडळाला शीर नसते, सर. सुई मी माणसांना टोचली होती."

"विनोद नको. तू प्रोबेशनवर आहेस. कायम करायची फाइल माझ्या टेबलावर आहे, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. मी टोपण पेनाला परत लावलं.

"रविवारी जाऊन विचारते. एकेकाला."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर नाही."

परळच्या आमच्या विभागातून ती चाळ चालत जाण्याइतकी जवळ. जिन्यातच मंडळाचा सेक्रेटरी दीपक भेटला.

"मॅडम, कशाला उन्हात फिरताय? मीटिंगमध्ये ठरलंय आपलं. कंपनी ॲम्ब्युलन्स देतेय, मंडळाचं नाव टाकून. कोण नाय बोलणार?"

त्याच्यासमोर गॅलरीत उभं राहून खरंच कोणी नाही म्हटलं नसतं. आणि चाळीत सगळं गॅलरीतच बोललं जातं. दिवसा कोणी दार लावत नाही. लावलं तर आत भांडण चाललंय, नाहीतर काहीतरी लपवायचंय, असं धरतात.

"मी दार लावून विचारणार आहे," मी म्हटलं.

"दार लावून? चाळीत?" तो हसला. "लोक काय बोलतील, मॅडम!"

पहिली खोली रखमाकाकी परबांची. गिरणीच्या वाइंडिंग खात्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. आता चार पायऱ्या चढल्या की थांबतात. दार लावायचंय म्हटल्यावर त्यांनी बाहेर कठड्याला टेकलेल्या दीपककडे पाहिलं आणि उठल्या. कडी सरकेना. गंजली होती. त्यांनी खलातला बत्ता घेऊन तिच्यावर दोन घाव घातले.

"हां. आता इचार."

मी सांगितलं. आधी तुमचा श्वास तपासला. आता कंपनीला रक्तात घराण्याचे आजार शोधायचे आहेत. काय सापडलं ते तुम्हाला कळेलच असं नाही. नाही म्हणालात तरी फुप्फुसांची तपासणी चालूच राहील.

"माज्या नातीचां पण दिसतला त्यात?"

"थोडंफार, हो."

"आणि ॲम्ब्युलन्स?"

"ते कंपनी आणि मंडळ बघेल. मला माहीत नाही."

त्यांनी जरा दम घेतला. "मगे नको."

"उरलेलं रक्त ठेवू, की नष्ट करू?"

"टाकून दी." आणि दाराकडे तोंड करून, छातीत होता नव्हता तेवढा वारा भरून, "दीपक! आयकलंस? माका नको! रगात माजां आसा, मंडळाचां नाय!"

"काकी, हळू. हे गुप्त ठेवायचं असतं."

"तां तू ठेव. माका कोणाक भियाचां हा?"

बाहेर गॅलरीत कोणीतरी फसकन हसलं.

"काकी, बोंब मारायची काय गरज होती?" दीपकचा आवाज आला.

"मग कान कित्याक लावलंस?"

मी बाहेर आले तेव्हा शेजारची अक्षदा उंबऱ्यात उभी होती. मला आत घेऊन तिने स्वतःच दार लोटलं. मग दुपारपर्यंत गॅलरीभर दारं लागत होती आणि उघडत होती. काहींनी होकार दिला, काहींनी नाही. सगळ्यात शेवटी दीपकने मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. तो काय म्हणाला ते मी इथे लिहिणार नाही.

सोमवारी सकाळी, ज्यांनी नष्ट करा म्हटलं होतं, त्यांच्या नळ्या मी फ्रीझरमधून काढल्या आणि ऑटोक्लेव्हच्या दाबाच्या वाफेत घातल्या. कमिटीपुढे नाबर सर माझ्या शेजारीच बसले होते.

"नकार देणाऱ्यांची नावं दे," ते हळूच म्हणाले. "दीपक समजावेल त्यांना."

"नावं देता येत नाहीत, सर. नियम आहे."

"नळ्या काढ मग. त्यांवरच्या कोडवरून नावं बघू."

"त्यांतल्या बऱ्याच नष्ट केल्या."

"नष्ट?" त्यांचा आवाज चढला; टेबलाभोवतीचे सगळे आमच्याकडे पाहू लागले. "कुणाला विचारून?"

"ज्यांचं रक्त होतं, त्यांना."

ते माझ्याकडे झुकले. "फाइलवर मी आता काय लिहू, सांग."

"झालं ते लिहा. मीही तेच लिहून आणलंय."

अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला. मी उभी राहिले आणि अहवाल पहिल्या ओळीपासून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला लागले.