एका चाकाची खाट

मी एक जुनी खाट आहे, मित्रांनो. माझे दांडे बांबूचे, वीण नायलॉनच्या दोरीची आणि पोटाखाली सायकलचं एक चाक. खाटेला चाक कशाला, असं तुम्हाला वाटेल. ते सांगेनच. पण आधी एका रविवारचं सांगते, कारण तसा रविवार त्या घरात पुन्हा आला नाही.

भाद्रपदातला दिवस होता. पाऊस थोडा थांबला होता. श्रावणभाऊंनी मला अंगणात उलटं ठेवलं होतं आणि ते चाकाला तेल देत होते. मी साऱ्या गावाची, पण राहायची त्यांच्या पडवीत. त्यांची मुलगी माधवी धानोऱ्याच्या हायस्कुलात शिकवते. सुटीला घरी आलेली ती उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसली होती.

"खाटेले तेल पाजून राह्यले. अन् सोताच्या गुडघ्याले?" ती म्हणाली.

"गुडघ्याले कोण बक्षीस देते?"

"दोन दिवसांपासून खोकून राह्यले तुम्ही. उद्या चला माझ्यासंग दवाखान्यात."

"निंदण होऊ दे. मंग पाहू." त्यांनी चाकाला हलकेच फिरकी दिली. चाक आवाज न करता फिरत राहिलं. "सुकरीचे दिवस भरत आले. खाट तयार पाहिजे."

सुकरी म्हणजे शेजारच्या कोलूची बायको. मग दोघांनी काळा चहा घेतला आणि मला पडवीत उभं करून ठेवलं. एवढाच तो दिवस.

आता माझ्या जन्माचं सांगते. माधवी आणि कोलू तेव्हा नववीत होते, धानोऱ्याच्या त्याच शाळेत. दर शनिवारी तिथे अभियांत्रिकी रचनेचा तास असायचा. आकिब सर फळ्यावर एकच शब्द लिहायचे : कोणासाठी? मग म्हणायचे, "ज्याच्यासाठी वस्तू बनवणार, त्या माणसाचं नाव सांगा. जो 'समाजासाठी' म्हणेल, त्याने बाहेर जाऊन झाडांना पाणी घालायचं." पहिल्या दिवशी निम्मा वर्ग झाडांना पाणी घालून आला.

माधवी आणि कोलूने नाव सांगितलं, केसरबाई.

केसरबाई त्याच पावसाळ्यात गेली होती. आमच्या गावापासून डांबरी रस्त्यापर्यंत जंगलातली पायवाट आहे आणि मध्ये नाला आहे. त्याच्यावर पूल नाही. चौघांनी तिला साध्या खाटेवर घालून खांद्यावर नेलं. चिखलात पाय घसरत होते, दर थोड्या वेळाने खांदे बदलावे लागत होते. नाल्याच्या अलीकडेच तिचा श्वास थांबला.

"ती तर गेली ना बेटा. मेलेल्या माणसासाठी काय बनवणार?" सरांनी विचारलं.

"तिच्यानंतरच्या माणसासाठी, सर," कोलू म्हणाला.

इथे गावची एक रीत सांगायला हवी. ज्या खाटेवर माणूस मरतो, ती खाट घरी परत आणत नाहीत. शिवेबाहेर उलटी टाकून देतात. केसरबाईची खाट तशीच पडून राहिली. पावसाने तिची दोरी कुजवली आणि वाळवीने पाय खाल्ले.

मी काही एका दिवसात झाले नाही. आधी चाक बरोबर मध्ये बसवलं, तर माणसाऐवजी ठेवलेलं वाळूचं पोतं डोक्याकडून घसरून खाली पडलं. चाक डोक्याकडे सरकवलं, तर वीण खाली झोल खाऊन टायरला घासू लागली. मग डब्याचा पत्रा कापून चाकावर आडोसा केला. शेवटी जिवंत माणूस ठेवून पाहायचं ठरलं. बांबू घेऊन आलेले श्रावणभाऊ स्वतःच आडवे झाले.

"मेल्यावर चार जण उचलतेच. जित्तेपणी दोघांचा हात पाहून घेतो."

"बाबा, हालू नका."

"अवं, पेशंट हालत नाई का?"

मुलांनी त्यांना मैदानाला फेरी मारून आणली. सगळे हसत होते. माझ्यावर झोपणारा पहिला माणूस तो.

गडचिरोलीच्या प्रदर्शनात माझा पहिला नंबर आला. फोटोसाठी एक पाहुणे बुटांसकट माझ्यावर बसले. पेपरात छापून आलं. शाळेत परत आल्यावर मात्र मी आधी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात गेले, मग व्हरांड्यात. माझ्यावर फुलझाडांच्या कुंड्या मांडल्या. त्यांचं पाणी माझ्या विणीतून ठिबकायचं आणि चाक हवेविना बसलं होतं. दहावीनंतर शाळा सोडताना कोलू म्हणाला, "सर, हिले गावाले नेऊ का?" सर म्हणाले, "आतापर्यंत का नेली नाहीस?" दोघांनी मिळून कुंड्या उतरवल्या.

मग माझी कामाची वर्षं आली. साप चावलेला मुलगा, मोहाच्या झाडावरून पडलेला गडी, अडलेल्या बाया. एकाने पुढून धरायचं, एकाने मागून. नाल्यात तेवढे चौघं लागायचे. कोणी माझ्यावर दगावलं नाही. गाव मला गुणाची म्हणू लागलं. कोणी माझ्या दांड्याला हळद लावी.

माझं वाईट तिथूनच सुरू झालं. मी हातची जाऊ नये म्हणून लोक जपू लागले. माणूस फारच खालावलेला असला, तर म्हणायचे, "आधी पाहा, टिकन का?" म्हाताऱ्या चैतूला छातीत कळ आली तेव्हा त्याला साध्या खाटेवर घालून खांद्यावर नेलं. मी पडवीत कोरडी उभी होते. तो वाटेत गेला आणि परत आलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "बरं झालं, चाकाची नाई नेली."

श्रावणभाऊ त्याच्यावर ओरडले होते. "मंग खाट कोणासाठी बनवली रे?"

त्या रविवारनंतर सोमवारी त्यांना ताप चढला. माधवी थांबली. मंगळवारी सकाळी त्यांना धाप लागली, ओठ काळे पडले. टेकडीवर जाऊन तिने फोन लावला. दवाखान्याची गाडी डांबरी रस्त्यापर्यंत येणार होती. अंगणात जमलेली माणसं माझ्याकडे पाहत होती, पण त्या घरात 'टिकन का?' असं विचारायची कोणाची छाती झाली नाही. कोलूने मला बाहेर काढलं. त्याची बायको दारात पोटावर हात ठेवून उभी होती.

कोलू पुढे आणि माधवी मागे, बापाच्या डोक्याशी. नाला पार करून द्यायला गावचे दोघं आले होते. पुढची वाट बरी म्हणून ते परतले. त्या दिवशी माझं चाक एकदाही अडकलं नाही. रविवारचं तेल होतं.

गाडीचा हॉर्न ऐकू येऊ लागला. रस्ता अजून दिसत नव्हता.

"थांबा," श्रावणभाऊ म्हणाले.

"पाणी देऊ का, बाबा?"

"नाई. थकली तू. ठेव मले खाली."

"बाबा, गाडी आली. हॉर्न वाजून राह्यला."

"थकली तू," ते पुन्हा म्हणाले. त्यांची नजर कोलूच्या पाठीवर होती. कोलू मागे वळला नाही. "जमिनीवर ठेव. गार वाटन."

मित्रांनो, श्रावणभाऊ असल्या गोष्टी मानत नव्हते. त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर आहे. मरण खाटेला चिकटतं, यावर त्यांचा कधी विश्वास बसला नाही. पण गावाचा होता. त्यांचा श्वास माझ्यावर थांबला असता, तर मी शिवेबाहेर गेले असते आणि सुकरीला कोणीतरी खांद्यावर घेऊन त्या नाल्यात उतरलं असतं. आपली वेळ आल्याचं त्यांना कळून चुकलं होतं. हे मला कळलं आणि माधवीलाही कळलं.

तिने वाद घातला नाही. ऐनाच्या झाडाखाली ओढणी अंथरली. दोघांनी त्यांना उतरवलं. तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. थोड्या वेळाने हॉर्न वाजत होता, पण ते ऐकत नव्हते.

गावात बायका म्हणाल्या, "पोरीचा जीव तो केवढा. हात गळले असन तिचे." माधवीने होकारार्थी मान हलवली. खरं सांगितलं असतं, तर ते कोलूच्या आणि सुकरीच्या घरात कायमचं राहिलं असतं.

सुकरी बाळंतपणासाठी माझ्यावरूनच गेली. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. परतताना मात्र दगडावर आपटून माझ्या चाकाचा आस मोडला. माधवीने मला शाळेत आणलं. शनिवारचा तास आता तीच घेते. नववीची मुलं माझ्याभोवती जमली, पण हात कोणी लावेना.

"मॅडम, हिच्यावर कोणी मेलं तर नाई ना?"

"नाही," ती म्हणाली. ते खरं होतं. पण ती पुढे म्हणाली, "मेलं असतं, तरी आपण हिला दुरुस्त केलंच असतं. हिच्यासारखी अजून एक बनवायची आहे. गावातही हेच सांगायला जायचं आहे."

मुलांनी नवा आस बसवला. संध्याकाळी मुलं घरी गेली.

मित्रांनो, मला काचेत ठेवू नका, माझ्यावर कुंड्या ठेवू नका आणि माणसापेक्षा जास्त जपूही नका. मी मोडले तर मुलं दुसरी खाट करतील. जमलं तर त्या नाल्यावर पूल बांधा, म्हणजे मी खुशाल कुजेन.

वर्ग रिकामा झाल्यावर माधवी माझ्याजवळ जमिनीवर बसली. तिने चाकाला हलकेच फिरकी दिली. ते आवाज न करता फिरत राहिलं. थांबेपर्यंत ती पाहत होती. मग माझ्या रिकाम्या विणीवर, जिथे डोकं टेकतात तिथे, तिने तळहात ठेवला.

"मी थकली नव्हती, बाबा," ती म्हणाली.