ॲमरान्थचा सुतार

ॲमरान्थ म्हणजे छत्तीस तोफांची फ्रिगेट, चपळ लढाऊ जहाज, आणि काय तिचा तोरा! दोन फ्रेंच जहाजं तिने पळवून पळवून दमवली आणि धरली. वादळात डोलकाठी मोडून घेतली, तरी इंग्लंडातल्या प्लिमथच्या धक्क्यावर ऐटीतच आली. मग युद्ध संपलं. उरलेल्या डोलकाठ्या उतरवल्या, खलाशी पांगले आणि नदीच्या मुखाशी साखळीने बांधलेल्या ॲमरान्थवर राहिले फक्त तिचा सुतार जेबेझ आणि त्याची बायको टॅमसिन. आरमाराचा रिवाजच तसा. कप्तान येतात-जातात, सुतार मात्र जहाज मोडेपर्यंत त्याच जहाजाचा. चूल तिथेच, अंथरूणही तिथेच.

जेबेझला एकच ध्यास, ॲमरान्थला पुन्हा समुद्रावर बोलावणं यावं. म्हणून तो तिला डांबर लावी, रंग लावी, पितळ घासघासून चमकवी. पावसाचा थेंब आत जाऊ नये म्हणून तोफांच्या खिडक्या नि झडपा त्याने वर्षानुवर्षं गच्च बंद ठेवल्या. टॅमसिन कुरकुरायची, आत कुबट वास मारतोय, काल आणलेल्या पावाला आज बुरशी धरते, जरा उघड की.

"तू काय तिची सासू आहेस?" तो म्हणायचा.

"सवत म्हण, सवत."

शेवटी आरमाराला जहाजं हवी झाली आणि गोदीतून जहाजं तपासणारा पारखी आला. बाहेरून बघून त्याने मान डोलावली. जेबेझची छाती फुगली. मग पारखी खाली उतरला आणि त्याने जहाजाच्या एका लाकडी फासळीत गिरमिट लावलं. ते लोण्यात शिरावं तसं आत गेलं. बाहेर आला तो कुजका तपकिरी भुसा. दुसरी फासळी तशीच. तिसरीही.

"हवाच लागू दिली नाहीत तुम्ही हिला," पारखी हळूच म्हणाला. "चार थेंब पावसाचे परवडले असते."

जहाज मोडायचं ठरलं. मोडणाऱ्यांना तिचा सांधा न् सांधा ठाऊक असलेला माणूस हवा होता, आणि जहाज गेल्यावर जेबेझला दुसरं काम कोण देणार? तो हो म्हणाला.

टॅमसिनने ते ऐकलं. कधीपासून जिभेवर होतं ते निसटलंच. "मारलंस तिला. आता खांदाही तूच दे."

लगेच तिला वाईट वाटलं. पण शब्द काही तिने परत घेतला नाही, कारण तो खरा होता.

कुऱ्हाडीला धार लावून जेबेझ खाली गेला. पहिला घाव कुठे घालायचा, हे त्याला कुणाला विचारावं लागलं नाही.