तिसरी किल्ली

कुलपाने दगा दिला तो भर दुपारी. सासूबाई कचरा टाकायला म्हणून दार ओढून बाहेर पडल्या, परत आल्या तर किल्ली अर्धी फिरली आणि तिथेच रुतून बसली. सून शिकवायला गेलेली. म्हातारी थंडीत पायरीवर बसून राहिली, आणि सून येऊन खटपटीने दार उघडत होती तेव्हा वर म्हणते कशी, "बरं झालं, ऊन तरी खाल्लं." ऊन त्या पायरीवर कधीच येत नसे.

कुलूप कुरकुरत होतं ते आजचं नव्हे. तेल घालायचं, दार थोडं उचलून धरायचं, मग ते मेहेरबान व्हायचं. ते बदलायचं नाही, असं घरात कुणी बोललं नव्हतं, पण ठरलेलं होतं. काही वर्षांपूर्वी एका सकाळी सुनेचा नवरा नेहमीसारखा कामावर निघाला. तो कामावर पोचला नाही आणि घरीही परतला नाही. पोलिसांनी शोधलं, दिरांनी शोधलं, शेवटी सगळ्यांनी हात टेकले. जाताना त्याच्या खिशात या कुलपाची किल्ली होती. सासूबाई अजूनही दर संध्याकाळी खिडकीपाशी खुर्ची ओढून बसत, आणि झोपताना दाराला आतून कडी लावू देत नसत.

सुनेने त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. ती रडलीही नव्हती. लोक आधी म्हणाले, धीराची आहे. मग म्हणाले, दगड आहे. लोकांचं काय, त्यांना काहीतरी म्हणायला हवंच असतं. तिला दोन्हीचं काही वाटलं नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, तसं तिचं आतून झालं होतं. फक्त मुंग्या येत नव्हत्या.

लाँड्रीच्या वरच्या खोलीत ती मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायची. पाव भाजणारा, दोन नर्सा, एक ड्रायव्हर, आणि शेवटच्या बाकावर किल्लीवाला, ज्याचा गृहपाठ दर वेळी घरी विसरलेला असे. त्या शनिवारी धडा होता जवळजवळच्या शब्दांचा. होप, वेट आणि एक्स्पेक्ट. आपण तिन्हींना वाट बघणं म्हणून मोकळे होतो, ती म्हणाली, इंग्रजी तेवढ्यावर सोडत नाही. वेट म्हणजे थांबणं. त्यात आपला वेळ जातो. एक्स्पेक्ट म्हणजे येणारच असं धरून चालणं. ते भांडी घासता घासताही जमतं. होप म्हणजे यावं असं वाटणं, मग येवो न येवो.

"मॅडम," किल्लीवाल्याने विचारलं, "एक्स्पेक्ट नसेल तर वेट कशाला करेल माणूस? बस बंद झाली हे कळल्यावर थांब्यावर कोण उभं राहील?"

वर्ग हसला. "कुणी नाही," ती म्हणाली आणि फळा पुसायला लागली.

पुसता पुसता तिने घरचा हिशेब सरळ लावून टाकला. सासूबाई थांबल्या आहेत, म्हणजे तो येणार असं धरून चालल्या आहेत. आपण केव्हाच सोडून दिलंय. तिला त्याचं दुःखही झालं नाही. फक्त नवं कुलूप बसवायचं म्हणजे म्हाताऱ्या बाईला तोंडावर सांगायचं, की तुमचा मुलगा येत नाही. आणि ते तिच्या जिवावर आलं होतं. पण पुन्हा पायरीवर बसवायचं तरी कसं? वर्ग सुटल्यावर तिने किल्लीवाल्याला घरी बोलावलं.

दुसऱ्या दिवशी तो पेटी घेऊन आला. सासूबाईंना तिने काय सांगायचं ते रात्रभर घोकलं होतं, आणि ऐन वेळी ती पेटीला जागा करायला चपला सरकवत बसली. किल्लीवाल्याने जुनं कुलूप उतरवलं, आतून काळं तेल आणि किल्लीचे दाते ज्यांवर बसतात त्या झिजलेल्या बारीक पिना काढून दाखवल्या, आणि त्याला मध्येच काहीतरी सुचलं. नव्या कुलपातल्या पिना जुन्या किल्लीच्या दात्यांप्रमाणे लावता येतील, तो म्हणाला. म्हणजे कुलूप नवं, किल्ली मात्र तीच चालेल.

तिचा जीव भांड्यात पडला. कुणालाच काही सांगायला नको.

"तसंच करा," ती म्हणाली.

"नको," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "किल्ली पण नवी कर."

तिला वाटलं, त्यांना नीट कळलेलं नाही. ती जवळ गेली. "आई, त्यांच्याकडे जुनी किल्ली आहे."

"माहीत आहे गं मला." सासूबाईंनी खिडकीबाहेरची नजर काढली नाही. "नाही येत तो. मला पहिल्या वर्षीच तो येईलसं वाटेनासं झालं. तुझं मन मोडायला नको म्हणून कुलूप राहू दिलं."

"माझं?"

"तू रडली नाहीस ना कधी. म्हटलं, हिला वाटतंय तो येईल."

किल्लीवाला पेटीत डोकं घालून नको तेवढं शोधत बसला.

"मग रोज खिडकीत कशाला बसता?" तिने विचारलं. आवाज चढला, तो तिचा तिलाच अनोळखी वाटला.

"वाट बघते," सासूबाई म्हणाल्या. "येणार नाही हे कळलं, म्हणून ती थोडीच थांबते."

नव्या कुलपाबरोबर तीन किल्ल्या होत्या. किल्लीवाल्याने त्या तिच्या हातावर ठेवल्या, दार दोनदा उघडून लावून दाखवलं आणि चहालाही न थांबता गेला. एक किल्ली तिने आपल्या पर्समध्ये टाकली, एक सासूबाईंना दिली. तिसरी हातात तशीच राहिली. सासूबाई उठल्या, ती काढून घेतली, आणि दाराशेजारच्या तीन खिळ्यांपैकी मधल्याला अडकवली. तो खिळा त्यांच्या मुलाच्या किल्लीचा होता.

मग त्या पुन्हा खुर्चीत जाऊन बसल्या.

सून दाराशीच उभी होती. या घरात कुणीतरी त्याला येणार धरून चाललंय, एवढ्यावर आपण इतके दिवस निभावलं, हे तिला तेव्हा कळलं. आता तसं धरून चालणारं कुणीच नव्हतं. तिच्यासाठी तो आज गेला. बोटांच्या टोकांपासून मुंग्या यायला लागल्या, आणि तिने खाली बसण्यासाठी भिंत धरली.