पान एक्केचाळीसच्या पुढे

शिवणकाम करणाऱ्या मावशींची सून शाळेच्या ग्रंथालयात कामाला होती, आणि सासू-सुनेचं पटायचं ते दिवसातून एकच तास. संध्याकाळी मावशी गणवेशांना काजं करायच्या आणि सून मोठ्याने पुस्तक वाचायची. मावशींची शाळा दुसरीत सुटली होती. कान मात्र शाबूत होते, आणि जीभ तर विचारूच नका.

पुस्तक ऐन रंगात आलं आणि शाळेच्या समितीने ते कपाटात कुलूपबंद केलं. त्यातली नावाड्याची मुलगी झोपलेल्या बापाच्या खिशातून होडीच्या कुलपाची किल्ली काढते आणि भर पुरात होडी सोडते. पोरं चोरी शिकतील, म्हणे! सुनेला बजावलं, पुस्तक रद्द केल्याच्या कागदावर सही कर, नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस. शनिवारी पालकांची सभा होती.

"सही करायची नाही," मावशी म्हणाल्या. "आणि होडी सोडल्यावर काय झालं, ते सांग."

"सही नाहीच करणार. पण पुढचंही नाही सांगणार. पुस्तक सुटलं की वाचून दाखवीन."

"माझ्यापेक्षा हट्टी निघालीस गं भवाने!"

"घरातच शिकले, आई."

शाळा नुकती उघडली होती. सगळ्या पोरांची मापं मावशींच्या वहीत. टाचण्या लावलेलं पोर हलत नाही आणि पोराला सोडून आई हलत नाही, हे त्यांना चाळीस वर्षांच्या धंद्याने शिकवलं होतं. घेर दुमडता दुमडता त्या गोष्ट सुरू करायच्या, होडी सुटेपर्यंत आणायच्या, आणि नेमक्या तिथे चार टाचण्या ओठांत धरून गप्प.

"अहो मावशी, मग?"

टाचण्या सावकाश काढून त्या म्हणायच्या, "मग काय? पुढचं कुलपात आहे. शनिवारी या आणि विचारा."

शनिवारी बाकं पुरली नाहीत. समितीचे अध्यक्ष औषधांचे दुकानदार. त्यांनी एक्केचाळिसाव्या पानाच्या झेरॉक्स वाटल्या आणि घसा खाकरला. मावशी उभ्या राहिल्या. गुडघे कुरकुरत होते, पण ते दाखवतील तर त्या मावशी कसल्या!

"साहेब, होडी सोडल्यावर पोरगी कुठे जाते?"

"ते... मला तक्रारीसोबत एवढंच पान पाठवलं होतं. शितावरून भाताची परीक्षा होतेच की."

"भाताची होते, सदऱ्याची नाही. एक बाही बघून सदरा तोकडा म्हणणाऱ्याला मी दुकानात उभं करत नाही. समितीत कोणी वाचलंय का पुढचं?"

समितीतले सगळे झेरॉक्सकडे असे बघू लागले, जणू पुढचं पान कागदाच्या मागच्या बाजूला छापलंय. मागून कोणीतरी ओरडलं, "वाचा की मग!" आणि अख्खी खोली तेच म्हणू लागली.

मुख्याध्यापिकेने कपाट उघडलं आणि उभ्याउभ्याच वाचायला घेतलं. आई बाळंतपणात अडलेली. बाप दोन दिवस वल्ही मारून मेल्यासारखा झोपलेला, हलवूनही उठत नाही. पोरगी पलीकडच्या काठावरून सुईण घेऊन येते. होडी काठाला लागते आणि झोपडीतून... मुख्याध्यापिकेने पुस्तक मिटलं.

"बाकीचं ज्याचं त्याने वाचावं. पुस्तक ठेवायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

हातांचं रान उगवलं. अध्यक्षांनी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच आपलाही वर केला. बिनसहीचा कागद मुख्याध्यापिकेने फाडून टोपलीत टाकला, तेव्हा कुठे सून आठवड्यात पहिल्यांदा मोकळा श्वास घेऊन हसली.

मावशी तडक तिच्या टेबलाशी. "आण इकडे. आज संध्याकाळी संपवायचं."

सुनेने पुस्तक मागणाऱ्यांच्या नावांची वही पुढे सरकवली. "आई, तुमचा नंबर अठरावा. तुम्हीच साऱ्या गावाला चटक लावलीत ना?"

"सासूला रांगेत उभी करतेस?"

"नियम म्हणजे नियम. हवं तर शेवट तोंडी सांगते. मला पाठ आहे."

"खबरदार!" मावशींनी कानांवर हात ठेवले. पण ओठ काही केल्या मिटेनात, हसूच येत होतं. "पानावरून वाचून दाखव. थांबते मी. आता ते कुठे पळून जातंय?"